बाळाच्या फोटोत आई कुठे आहे?



मागच्या रविवारी आमच्या महिला मंडळात प्री-वेडिंग शूटच्या बंदीचा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. मग चहा झाला, पोहे झाले, आणि घरी पोहोचेपर्यंत मला माझाच राग यायला लागला.

विषय नवा नाही. २०१९ मध्ये भोपाळला जैन, गुजराती आणि सिंधी समाजाच्या संघटनांनी अशी बंदी जाहीर केली, तेव्हा पेपरात खूप गाजलं होतं. लग्नाच्या मंडपात मोठ्या पडद्यावर, सासऱ्यांच्या आणि आजेसासऱ्यांच्या समोर ते मिठीतले फोटो फिरवायचे, हे मलाही पटत नाही. पण नवेगावबांधच्या तलावाकाठी किंवा इटियाडोह धरणावर फोटो काढणारी जोडपी मी येता-जाता बघते. पंचवीस-अठ्ठावीस वर्षांची, शिकलेली, कमावती माणसं असतात ती. थंडी वाजली तर शाल ओढतात, भूक लागली तर गाडीवाल्याकडून फुटाणे घेतात, कंटाळा आला तर फोटोग्राफरला सरळ 'बस झालं आता' म्हणतात. ज्याला 'बस झालं' म्हणता येत नाही त्याच्याबद्दल मात्र आमच्या मंडळात एक शब्द निघाला नाही. मी बोलते आहे अकरा दिवसांच्या बाळाबद्दल आणि त्याच्या ओल्या बाळंतिणीबद्दल. मी स्वतः त्या दोघांना गाडीत घालून स्टुडिओत नेलं होतं, म्हणून तर राग.

झालं ते असं. लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आमचं गाव प्रतापगडच्या जवळ. (साताऱ्याचा नव्हे, अफझलखानाचाही नव्हे! आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. डोंगरावर महादेव, त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा, जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि महाशिवरात्रीची मोठी यात्रा.) सिझेरियन झालं, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले, आणि नवव्या दिवशी जावईबापूंचा फोन आला. त्यांनी भेट म्हणून 'न्यूबॉर्न शूट'चं पॅकेज बुक केलं होतं. अठरा हजार रुपये आगाऊ भरलेले. पाच ते चौदा दिवसांच्या आतच करावं लागतं म्हणे, कारण तेवढेच दिवस बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुडपून ठेवता येतं. आता जावयाने प्रेमाने दिलेल्या भेटीला सासूने नाही कसं म्हणायचं? लेकीलाही हवं होतं, तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या बाळांचं झालं होतं. दहाव्या दिवशी सोयर फिटलं, अकराव्या दिवशी आम्ही निघालो. शहराचं नाव सांगत नाही, स्टुडिओचंही नाही.

आता माझ्या मनाला सगळ्यात जास्त काय टोचतं ते सांगते. आपल्याकडे बाळंतीण पंचेचाळीस दिवस मंदिरात जात नाही. घरापासून मंदिर पन्नास पावलं, तरी आपण तिला म्हणतो, थांब बाई, अजून दिवस भरले नाहीत. ज्या घरात देवदर्शनालासुद्धा दीड महिना थांबायचं, त्याच घराने अडीच तासांचा रस्ता तुडवून तिला अकराव्या दिवशी स्टुडिओत उभं केलं. नियम आठवले नाहीत कुणाला. मलाही नाही.

स्टुडिओ स्वच्छ होता, खोटं कशाला बोलू. हीटर लावून खोली इतकी तापवली होती की आमचे ब्लाऊज भिजले. ते बरोबरच आहे, उघड्या नवजात बाळाच्या अंगातली ऊब लगेच जाते. पण मग त्याला उघडं करायचंच कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. बाळाला आधी टोपलीत ठेवलं, मग लाकडी छोट्या पलंगावर, मग पंख लावून ढगावर. दर वेळी ते जागं व्हायचं, रडायचं, लेक पाजायची, ते झोपायचं, पुन्हा उचलायचं. नवजात बाळ दिवसाला आठ-दहा-बारा वेळा पितं. त्याची झोप आणि दूध घड्याळाने ठरत नाही, आणि तिथे तर पुढच्या गिऱ्हाईकाची वेळ दिलेली होती. चार तास चाललं हे. लेक टाक्यांवर हात दाबून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.

मग ती बेडकासारखी पोज. कोपरं खाली टेकवून, दोन्ही हातांवर हनुवटी ठेवून बाळ आपल्याकडे बघतंय, असा फोटो तुम्हीही पाहिला असेल. ते खरं नसतं, मैत्रिणींनो. कोणतंही नवजात बाळ आपलं डोकं असं पेलू शकत नाही. जाणकार फोटोग्राफर दोन फोटो काढतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून हात पुसून टाकतात. आमच्याकडे मदतनीस मुलगी होती अठरा-एकोणीस वर्षांची. तिने क्षणभर हात काढला आणि बाळाची मान एका बाजूला कलली. मी पुढे झेपावले. काही झालं नाही. पण 'काही झालं नाही' हे मी आजही झोपण्याआधी एकदा स्वतःला सांगते.

ही टोपलीतली आणि फुलातली बाळं आली कुठून, म्हणून मी नंतर वाचत बसले. ॲन गेडिस नावाची ऑस्ट्रेलियन छायाचित्रकर्ती आहे. तिचं बागेतल्या बाळांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं आणि कुंडीतली, कोबीतली, फुलातली बाळं कॅलेंडरांवरून जगभर गेली. तिची कला तिच्यापाशी. पण आज हातात कॅमेरा आणि चार टोपल्या आल्या की कुणीही 'न्यूबॉर्न स्पेशालिस्ट' अशी पाटी लावतो, आणि आपण त्याला बाळाला हात लावण्याआधी हात धू म्हणायलाही लाजतो. पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस सहा आठवड्यांनी असतो. डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण त्यात येतं. तोवर शेजारणीलाही आपण सांगतो, लांबून बघ गं. आणि स्टुडिओत चार अनोळखी माणसं बाळाला हातोहात फिरवतात.

बरं, त्या पाळण्यात अंथरलेलं काय होतं? केसाळ गालिचा, पिसांचे पंख, रेशमी दुपटं. आमच्या बाजूला ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष होतात. एका पातळासाठी किती कोष उकळावे लागतात हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून माझ्या आईने लग्नातही रेशीम नेसलं नाही. आणि तिच्या पणतूच्या अंगाला पहिलं दुपटं गुंडाळलं ते रेशमाचं. मी काही फार शुद्ध आहे असं नाही. जुन्या काळी फोटोच्या फिल्मवर जिलेटिनचा थर असायचा आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतून यायचं. आपल्या घरातला प्रत्येक जुना फोटो त्यातूनच आला आहे. तेव्हा माहीत नव्हतं. आता घरातलं धुतलेलं सुती लुगडं अंथरायला कोण अडवतं?

हे सगळंही मी गिळलं असतं. पण महिनाभराने फोटो आले. चाळीस. सुंदर होते, अगदी नजर लागावी असे. लेकीने सगळे पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि म्हणाली, "आई, मी कुठेच नाही गं."

खरंच नव्हती. तिच्या मेकअपचे पैसे वेगळे होते, आईबरोबरच्या फोटोंचं पॅकेज वेगळं होतं, आणि त्या दिवशी तिचं तोंड सुजलेलं होतं म्हणून तीच नको म्हणाली होती. तिथे एकानेही तिला सांगितलं नाही की बाई, हेच तोंड तुझ्या मुलाला पुढे बघायचं आहे. मीही नाही सांगितलं. चाळीसपैकी एका फोटोत फक्त दोन बोटं दिसतात, तीही पुसायची राहून गेलेली. ती बहुधा लेकीचीच.

एकोणिसाव्या शतकात विलायतेत बाळांचे फोटो काढताना एक चाल होती. तेव्हा कॅमेऱ्यासमोर बराच वेळ न हलता राहावं लागे आणि बाळ काही थांबत नाही. म्हणून आई त्याला मांडीवर धरून बसायची आणि तिच्या डोक्यावरून चादर टाकायचे, म्हणजे फोटोत ती खुर्चीसारखी दिसावी. असे फोटो आजही पाहायला मिळतात. चादरीखाली गुडघे कळतात, खांदा कळतो. आपण हसतो त्यांना. आपण तर चादरही ठेवली नाही.

याउलट आपल्याच देशातली गोष्ट बघा. राजा लाला दीनदयाळ, हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार, १८४४ मध्ये सरधन्याच्या जैन कुटुंबात जन्मलेले. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला बाईच नेमली. पडद्यातल्या बाईलाही संकोच न वाटता फोटोत बसता यावं, यासाठी त्या माणसाने एवढा खटाटोप केला. आणि आमचा आजचा स्टुडिओ एसीसकट, हीटरसकट, बाळाची आई तेवढी चौकटीबाहेर काढतो.

जन्मकल्याणकाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बालप्रभूंना मेरूवर अभिषेकासाठी न्यायचं असतं, तेव्हा इंद्राणी प्रसूतिगृहात येते. मातेला मायानिद्रा देते, तिच्या कुशीत मायामयी बाळ ठेवते, मगच बाळ उचलते आणि अभिषेक झाला की पुन्हा आईपाशी आणून देतात. साक्षात तीर्थंकर नेताना बाळंतिणीच्या झोपेची एवढी काळजी! पंचकल्याणकाच्या पूजेत आपण हा प्रसंग किती हौसेने करतो.

मी फोटोंच्या विरुद्ध नाही, उलट आहे. माझ्या कपाटात एक फोटो आहे, १९९४ च्या महाशिवरात्रीचा. तेव्हा गोंदिया जिल्हा झालाही नव्हता, आम्ही भंडाऱ्यात होतो. प्रतापगडच्या यात्रेत सासरेबुवा किराणा आणि फुटाण्या-मुरमुऱ्यांचं दुकान लावत. आम्ही जैन, पण यात्रा सगळ्या पंचक्रोशीची, दर्ग्यावर जाणारेही आमचं गिऱ्हाईक आणि महादेवाला जाणारेही. तिथे एक फोटोवाला तंबू ठोकून बसायचा, मागे तळं आणि दोन हंस रंगवलेला पडदा. ही लेक तेव्हा पाच महिन्यांची. "पोराले जरा सरळ धरा बाई," तो म्हणाला. पोर नाही, पोरगी आहे, असं सासूबाई मागून ओरडल्या, त्यामुळे फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे. माझ्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पदर खांद्यावर घसरलेला, त्यावर दुधाचा डाग. तेव्हा मला तो फोटो आवडला नव्हता, मी ट्रंकेच्या तळाशी टाकला होता. सासूबाईंना जाऊन आता चौदा वर्षं झाली, आणि त्या बोलताना दिसतात असा घरात तो एकच फोटो आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सहा आठवडे बाळाला घराबाहेर फोटोला नेऊच नका. मुडपलेलं बाळ हवं असेल तर ते आईच्या पोटावर झोपलेलं असतंच, मोबाईलने काढा. त्यानंतर फोटोग्राफरला घरी बोलवा आणि त्याला पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका. गावातल्या फोटोवाल्यांचं पोट आपल्या लग्नांवरच चालतं आणि आपण त्यांनाच ताटकळत ठेवतो. आईला मधे बसवा. मेकअप तिला हवा तर करा, नको तर नको. आजीला, आजोबांना, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही बसवा. आणि फोटो कुठे टाकायचे हे आधी ठरवा, लिहून घ्या. आमच्या बाळाचा पंखवाला फोटो स्टुडिओने न विचारता जाहिरातीला वापरला आणि तो आम्हाला लेकीच्या नणंदेकडून कळला.

पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात नेलं, तेव्हा अर्जुनीहून एका फोटोवाल्याला बोलावलं होतं. मंदिरातून आल्यावर त्याने लेकीला ओसरीवर दाराच्या उजेडात बसवलं. वीस मिनिटं. बाळाने ढेकर दिली आणि तिच्या खांद्यावर दूध काढलं. मी फडकं घेऊन धावले तर तो म्हणाला, "राहू द्या काकू, तसंच बरं दिसते." बारा फोटो दिले त्याने. जावईबापूंनी त्यातला एक मोठा करून त्यांच्या हॉलमध्ये लावला आहे. पंखवाला नाही लावला, हे मी मुद्दाम सांगते, कारण ते वाईट नाहीत, त्यांना फक्त आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

काल मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, प्री-वेडिंगचा ठराव झाला, आता माझा एक घ्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण यात समाजाची काय बदनामी होते?" मी म्हटलं, बदनामी होत नाही, म्हणूनच तर कुणाच्या लक्षात येत नाही. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, बरं, लिहून आणा. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे.

लिहिलं आहे. येत्या रविवारी मांडणार, बघू किती हात वर होतात.