नव्या कापडाची वाकळ हा इस्राफ आहे का?

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माझी लेक पुण्यातल्या एका प्रदर्शनातून अजरखची सात कापडं घेऊन आली. प्रत्येक कापड अर्धा मीटर. निळा, तांबडा, काळा आणि मधूनमधून पांढरा. सातही नक्ष्या वेगळ्या, पण रंग तेच. त्यामुळे कुठलाही तुकडा कशाही शेजारी ठेवला तरी शोभत होता. मला वाटलं, कुर्ते शिवून घेणार असेल. ती म्हणाली, "नाही, गोधडी करणार आहे. घरी, हाताने."

अम्मी पलंगावर तसबीह घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "नवा कपडा काटको गोदडी? तौबा! ये तो इस्राफ है."

इस्राफ म्हणजे उधळपट्टी. नळ उघडा राहिला, ताटात भात उरला, रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला, की आमच्या घरात हा शब्द ऐकू येतो. गोधडीच्या बाबतीत तो मी पहिल्यांदाच ऐकला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी अम्मीच्याच बाजूची होते.

कारण आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात, ती मुळात नव्या कापडाची नसतेच. फाटायला आलेली लुगडी, विटलेल्या चादरी, अब्बांच्या सदऱ्यांच्या पाठी, जुन्या लुंग्या. यातलं जे बरं असेल ते वर, जे अगदीच विरलं असेल ते पोटात. त्यावर जाड सुईने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावदोरा. कापूस भरलेली गादी नाहीतर रजाई हवी असेल, तर पिंजाऱ्याला बोलावलं जाई. नदाफ, मन्सुरी या आडनावांचे आपलेच लोक खांद्यावर धनुकली घेऊन गल्लीतून फिरत. पण त्यांना मजुरी द्यावी लागे. वाकळ घरातल्या घरात आणि फुकटात होई. निदान सगळे तसंच समजत. त्या 'फुकट'कडे पुढे येतेच.

अम्मीचं म्हणणं त्यामुळे सोपं होतं. वाकळ म्हणजे कापडाला दिलेलं दुसरं आयुष्य. ज्या कापडाचं पहिलंच आयुष्य अजून सुरू झालेलं नाही, त्यावर कात्री चालवायची आणि मग पुन्हा जोडत बसायचं, यात कसली अक्कल? हजरत उमर खलिफा असतानाही ठिगळं लावलेले कपडे घालत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ठिगळाला आपल्याकडे मान आहे. हौसेने पाडलेल्या ठिगळाला तो मान कसा मिळणार?

लेकीने वाद घातला नाही. तिने फक्त विचारलं, "दादी, तुला कसली वाकळ करावीशी वाटायची?" खरं तर अम्मी तिची नानी. पण घरात सगळीच मुलं तिला दादी म्हणतात.

अम्मी म्हणाली, "हरी. पूरी हरी. काली किनार की." म्हणजे हिरवी, सगळी हिरवी, काठ काळा. उत्तर द्यायला तिला क्षणभरही लागला नाही. मग ती परत तसबीह ओढू लागली.

मी अम्मीच्या निदान पंधरा वाकळा वापरल्या असतील. त्यातली एकही हिरवी नव्हती. घरातून जे जुनं निघेल त्यातून शिवायची, म्हणजे रंगही घरानेच ठरवायचा. साठ वर्षं मनात हिरवी वाकळ घेऊन तिने करड्या आणि विटक्या गुलाबी वाकळा शिवल्या. माझी बाजू तिथे बदलली.

आज जुन्या वाकळेचं फार कौतुक होतं. मोठ्या दुकानांत ती भिंतीवर टांगलेली दिसते आणि खाली आजीच्या मायेच्या ऊबेबद्दल दोन ओळी असतात. माया होतीच, मी नाकारत नाही. पण तिच्यासोबत नाइलाजही होता. त्या बायकांनी जुनं कापड निवडलं नव्हतं, त्यांच्याकडे तेवढंच होतं. नाइलाजाला परंपरेचं नाव दिलं की पुढच्या पोरीने हौस केली तर ती चूक ठरते. मला हे मान्य नाही.

चांगले कपडे, चांगली पादत्राणं आवडणं म्हणजे गर्व का, असं एका माणसाने पैगंबरांना विचारल्याची हदीस आहे. उत्तराचा आशय असा, की नाही. अल्लाहला सौंदर्य आवडतं. गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. माझ्या मते वाकळेच्या वादाचा निकालही याच उत्तरात आहे. आवडीच्या रंगाचं नवं कापड घेणं हा गुन्हा नाही. गुन्हा कुठे होतो ते पुढे पाहू.

नव्या कापडाने गोधडीचा आत्मा जातो असंही काही जण म्हणतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायका, गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशज, कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवत आल्या. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत लागल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. फाटक्या कपड्यांची गोष्ट सगळे सांगतात, दुसरी कमी सांगितली जाते. 1970 च्या दशकात या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला एका बड्या कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवायचं काम मिळालं. उरलेली कातरण त्यांनी घरी नेली. कोरं कापड, मोजकेच ठरलेले रंग. त्यातूनही त्यांनी तितक्याच देखण्या गोधड्या केल्या. म्हणजे कला फाटकेपणात नव्हती, त्या बायकांच्या नजरेत होती.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. बेळगावच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी 'फुलं' लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. ती निव्वळ हौस आहे. चिंध्या शिवणाऱ्या बाईलाही हौस असते, एवढंच मला यातून दिसतं.

आता लेकीच्या अजरखकडे येऊ. ती कापडं एकमेकांना शोभत होती त्याचं कारण साधं आहे. सगळी एकाच रंगशाळेतून निघतात. कच्छमधले खत्री कारागीर लाकडी ठशांनी हे काम करतात. चुना आणि डिंक लावून पांढरी रेघ राखतात, लोखंडाचा गंज आणि गूळ मुरवून काळा करतात, तुरटीवर तांबडा चढवतात, निळीच्या हौदात बुडवतात. मधे पुन्हा पुन्हा धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडू लागले. तेव्हा यातल्या बऱ्याच कुटुंबांनी उठून अजरखपूर हे नवं गाव वसवलं. चांगल्या पाण्यासाठी गाव बदलणाऱ्यांचं हे कापड आहे. बाजारात त्याच नक्षीच्या यंत्रावर छापलेल्या नकला ढिगाने मिळतात. पैसे मोजायचेच असतील तर ठसा उचलणाऱ्या हाताला पोचतील असं बघावं.

एक आक्षेप मात्र माझाही आहे. परदेशात गोधडीसाठी कापडाचे तयार संच मिळतात. एकाच हाताने काढलेल्या नक्ष्या, पाच इंची किंवा दहा इंची चौकोन आधीच कापून बांधलेले. हे लोण आता आपल्याकडेही येतंय. सोय मोठी आहे. पण अशा संचात निवड दुसऱ्याने केलेली असते. अम्मीचा रंग घराच्या गरिबीने ठरवला, लेकीचा कंपनीने ठरवला, तर फरक काय पडला? म्हणून संच जरूर घ्या, पण त्यातले एकदोन तुकडे बाजूला काढा आणि एखादा बाहेरचा, न जुळणारा तुकडा आत घ्या. सगळंच जुळलं की डोळा कुठे थांबत नाही.

आम्ही केलं ते असं. सातही कापडं आधी वेगवेगळी भिजवून धुतली. तांबडा आणि निळा पाणी सोडतात आणि सुती कापड थोडं आटतं. मग नऊ इंची चौकोन कापले. दहा इंची कापाल तर फसाल. अर्धा मीटर म्हणजे वीस इंचही नाही, त्यामुळे चौकोनांची दुसरी ओळ बसत नाही. 44 इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमध्ये नऊ इंची आठ चौकोन निघतात, म्हणजे सात कापडांचे 56. आम्हाला हवे होते 54, सहा उभ्या ओळींत नऊ-नऊ. त्यातले नऊ हिरवे ठेवायचं लेकीने ठरवलं. गल्लीतल्या दुकानातून हिरवं पॉपलीन आलं. पाव इंच शिलाई धरून वरचा भाग झाला 51 इंच रुंद आणि साडेशहात्तर इंच लांब. एका माणसाला पुरेसा. पोटात आणि पाठीला अम्मीच्या दोन जुन्या सुती साड्या घातल्या. बाजारची कृत्रिम भर घालू नका. जुन्या सुती साडीसारखी मऊ भर नाही, आणि तिच्यातून सुई लोण्यासारखी जाते.

मग टाके. एकेका इंचावर उभी ओळ. 51 ओळी, प्रत्येक साडेशहात्तर इंचांची. लेकीने हिशेब केला, जवळपास 99 मीटर शिवण. इंचाला तीन टाके धरले तर साडेअकरा हजारांच्या वर टाके. आम्ही दोघी आळीपाळीने बसलो. कापणं, जोडणं, टाचणं सगळं धरून चाळीस तास लागले. माझ्या बोटाला घट्टा पडला, लेकीची मान आखडली.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट आठवली आणि सुई हातातच राहिली. काही वर्षांपूर्वी दारावर गोधडी शिवून देणारी बाई आली होती. कापड आपलं, मजुरी तिची. तिने सहाशे सांगितले. मी घासाघीस करून चारशेवर आणले आणि संध्याकाळी शेजारणीला कौतुकाने सांगितलं. चाळीस तासांचे चारशे म्हणजे तासाला दहा रुपये. तिचा हात माझ्या दुप्पट चालत असेल असं धरलं तरी वीस. मी तिला वरून म्हटलं होतं, "नुसतं दोरा तर घालायचाय."

अम्मी इस्राफ कुठे शोधत होती आणि तो कुठे होता! साडेतीन मीटर कापडात नव्हता. त्या बाईचे हात मी फुकटात काढले, तो इस्राफ होता. अम्मीने दुपार-दुपार बसून पंधरा वाकळा शिवल्या आणि आम्ही त्या पांघरून झोपलो. त्या 'फुकट' होत्या असं आम्ही धरून चाललो, तोही इस्राफच. पैगंबरांनी ज्याला गर्व म्हटलं, ते लोकांना तुच्छ लेखणं माझ्या त्या 'नुसतं'मध्ये होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुनं कापड असेल तर जुन्याची करा, नवं आवडलं तर नव्याची करा, पण आयुष्यात एक गोधडी स्वतःच्या हाताने करा. घरात मुलगे असतील तर त्यांनाही बसवा. पैगंबर घरी आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः सांधत, असं हजरत आयेशांनीच सांगितलं आहे. साडेअकरा हजार टाक्यांतले पाचशे घातले, तरी दारावरच्या बाईशी पुन्हा घासाघीस करायला तोंड उघडणार नाही.

आमची वाकळ शाबानच्या महिन्यात पुरी झाली. काळा काठ लावला. लेकीने ती अम्मीच्या पायांवर टाकली. अम्मीने चष्मा लावला, एका हिरव्या चौकोनावरून बोट फिरवलं, कडेपर्यंत गेली आणि म्हणाली, "टाके लंबे पडे हैं." मग सुई मागितली आणि कडेची एक ओळ उसवून परत घालायला बसली.

इस्राफचा विषय त्यानंतर तिने काढलेला नाही. वाकळही परत दिलेली नाही.