तळणीचं तेल दुधासारखं गोळा करा

मा. संपादक,


आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकांनी नुकतंच सुचवलं की वडे-भजी तळून उरलेलं तेल फडक्यातून गाळावं आणि सरळ डिझेलच्या टाकीत ओतावं. इंजिन चालतं, पैसे वाचतात, मग लोक घाबरतात कशाला? मी सांगलीत सत्तावीस वर्षं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करतो. त्या सल्ल्यावर विसंबून कोणी गाडीचं नुकसान करून घेऊ नये, म्हणून हे पत्र. आणि त्या वाचकांचा हेतू मला मनापासून पटतो, म्हणूनही.

आधी त्यांच्या बाजूचं खरं ते मान्य करतो. डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालतं. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. रुडॉल्फ डिझेल यांनी स्वतः पुढे ती हकिकत सांगितली आहे. आपल्याकडे विहिरीवरची जुनी, हँडल मारून सुरू होणारी, संथ फिरणारी पाच हॉर्सपॉवरची इंजिनं अशा तेलावर पाणी उपसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेल नीट गाळलेलं, पाणी उडवलेलं आणि गरम केलेलं असलं, आणि सुरू करताना व बंद करण्याआधी काही वेळ इंजिन साध्या डिझेलवर चालवलं, तर ते निभावतं. अशा इंजिनाला दोन टाक्या लागतात, आणि माणूसही जपणारा लागतो.

पण आजच्या गाडीचं काय? चांगलं नोझल टेस्टरवर लावून दांडा दाबला की किर्र आवाज करतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. तो फवारा जितका बारीक, तितकं डिझेल पूर्ण जळतं. साधं खाद्यतेल डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट. त्याचा फवारा होत नाही, धार पडते. धार पूर्ण जळत नाही, मग नोझलच्या तोंडावर कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइलची जेली करतं. हे सगळं पहिल्या दिवशी होत नाही. पहिला महिनाभर गाडी झकास चालते, आणि तेवढ्यावरच लोक एकमेकांना सल्ले देतात. कॉमन रेल गाडीत तर इंजेक्टरची छिद्रं केसाहून थोडीच मोठी असतात आणि दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो. तिथे वड्यातलं मीठ आणि बेसनाचा गाळ फडक्याने अडत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी भाजीची वाहतूक करणारा एक तरुण पिकअप ओढून माझ्याकडे आला. अर्धं डिझेल, अर्धं हॉटेलचं तेल असं तो चालवत होता. पहाटेच्या थंडीत गाडी सुरूच होईना. फिल्टर उघडला तर आत तुपासारखा पांढरा थर. हॉटेलात बहुतेक पामतेल असतं आणि ते थंडीत थिजतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चारही इंजेक्टर गेले होते. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल झालं, आणि ते त्याला सांगताना माझा जीव तुटला.

या तेलाचं बायोडिझेल करणं हा योग्य रस्ता आहे. शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून साठ अंशांच्या आसपास ढवळलं की ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर जवळजवळ डिझेलइतकंच पातळ इंधन राहतं. ते धुवावं लागतं, त्यातलं पाणी काढावं लागतं, तपासावं लागतं. घराच्या मागच्या अंगणात हे कोणी करू नये. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. योग्य कारखान्यात बनलेलं, तपासणी झालेलं बायोडिझेल मात्र आजच्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत मिसळायला मानकांचीच परवानगी आहे, आणि त्याने बिघडलेलं इंजिन माझ्याकडे आजवर आलेलं नाही.

मग हे तेल कारखान्यात का पोचत नाही? खरा प्रश्न इथे आहे, आणि तो इंजिनाचा नाही, पोटाचा आहे.

मोठ्या हॉटेलातलं दोन-तीन दिवस वापरलेलं तेल संध्याकाळी पंधरा किलोच्या डब्यातून बाहेर पडतं. ते फेकलं जातं असं आपण समजतो. ते विकलं जातं. छोटा गाडीवाला ते घेतो, त्यात थोडं नवं घालतो आणि काळं होईपर्यंत पुन्हा तळतो. त्याला मी दोष देत नाही. नव्या तेलाचा भाव शंभरीपार आहे आणि वडापाव महाग केला की गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. पण तो वडा शाळेतून येणारी पोरं खातात. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घातक घटक साठतात, त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. किती गाड्यांवर तो तपासला जातो?

त्याच वर्षी 10 ऑगस्टला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची 'रुको' मोहीम सुरू केली. पुढच्या वर्षी सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा बायोडिझेलची खरेदी जाहीर केली. पहिल्या वर्षाचा भाव लिटरला 51 रुपये होता. दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी नोंदी ठेवाव्यात आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं, असंही ठरलं. मोहीम चांगली, पण पन्नास लिटरच्या खाली काय? आमच्या चौकातल्या एकाही भजीवाल्याला दिवसाला पन्नास लिटर तेल लागत नाही. सर्वांत काळं तेल जिथे असतं, तिथे नियम पोचतच नाही. आणि भावाचं गणित तर उघड आहे: गाडीवाल्यासाठी जुनं तेल म्हणजे नव्या तेलाची बचत, बायोडिझेलवाल्यासाठी तो कच्चा माल, ज्यावर अजून गोळा करण्याचा आणि प्रक्रियेचा खर्च व्हायचा आहे. गाडीवाला जास्त भाव देणारच.

आपल्या भागाला याचं उत्तर शिकवावं लागू नये. दूध आपण असंच गोळा करतो. दोन लिटरवाल्या म्हातारीचंही दूध संकलन केंद्रावर घेतलं जातं, फॅट पाहिलं जातं, त्याप्रमाणे भाव मिळतो, दहा दिवसांनी पैसे हातात पडतात. तेलाचंही तसंच करावं. प्रत्येक प्रभागात एक केंद्र, तपासणीचं छोटं यंत्र, पाच लिटरपासून खरेदी. आणि भाव प्रतीवर: कमी जळलेल्या तेलाला जास्त. बायोडिझेल करणाऱ्यालाही तेच हवं असतं, कारण फार जळलेल्या तेलातलं आम्ल वाढतं आणि इंधनाऐवजी साबण तयार होतो. मग तेल लवकर बदलण्यात गाडीवाल्याचाच फायदा राहील. भावातल्या फरकाची रक्कम शासनाने सोसावी. या तेलाने देशाची डिझेलची गरज भागणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते पैसे आरोग्याच्या खात्यातून जावेत, इंधनाच्या नव्हे.

महापालिका आणि अन्न व औषध प्रशासन यांनी येत्या 10 ऑगस्टला निदान एका प्रभागात हे सुरू करावं, एवढी विनंती आहे. संकलनाची पिंपं ठेवायला जागा हवी असेल, तर माझ्या गॅरेजमागे पत्र्याची शेड रिकामी आहे. ती मी भाडं न घेता देईन.

आपला,
एक पंप-नोझल मेकॅनिक, सांगली