पगारी गोलंदाज : पालवणकर बाळू

स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने १८९३ साली व्यावसायिक खेळाडूला मान्यता दिली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या खाणकामगाराचा मुलगा फुटबॉल खेळून उजळ माथ्याने पगार घेऊ शकत होता. त्याच सुमारास पुण्यात एक चांभार तरुण गोलंदाजीवर पोट भरत होता. पण क्लबाच्या लेखी तो खेळाडू नव्हता, नोकर होता.

पालवणकर बाळूंविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते ‘पहिले दलित क्रिकेटपटू’ या बिरुदापाशी थांबते. मला हे बिरुद अपुरे वाटते. त्यांची कारकीर्द ही आधी मजुरीची हकिकत आहे. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे, महिना ३ रुपये. पुढे १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपये. तिथे जाळी बांधायची, टेनिसचे मैदान आखायचे आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज स्वतः बाद झाला की दर वेळी ८ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कधी कुणी दिली नाही. फलंदाजी मालकाची, गोलंदाजी गड्याची! परभणी-झरीकडच्या विद्यार्थ्याला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. सालगडी म्हणजे काय, हे त्याने घरीदारी पाहिलेले असते.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले ते गोऱ्यांना हरवण्यासाठी. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना नमवले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे हे सारे पुन्हा चर्चेत आले. ज्या मराठी पुस्तकाचा गुहांनी भरपूर आधार घेतला, ते विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) आपण मराठीचे अध्यापक क्वचितच उघडतो. त्याला एक अवघड कारण असावे, अशी मला शंका आहे. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तरुण आंबेडकरांना ज्यांचा अभिमान वाटे, तेच बाळू हे. पुढे ना सवर्णांच्या क्रीडापरंपरेला हे घराणे आपले वाटले, ना दलित साहित्याच्या इतिहासकारांना. राजकीय भूमिकेवरून बाळूंशी भांडावे, अवश्य भांडावे. पण त्यापायी भावाचे आत्मचरित्र क्रीडावाङ्मयाच्या कपाटात कोंडून ठेवणे ही समीक्षा नव्हे.

‘बलुतं’ १९७८चे. पदव्युत्तर वर्गात आत्मचरित्र शिकवताना त्याआधी ३० वर्षांचे हे पुस्तक वाचायला द्यावे. दलित आत्मकथनाचा आरंभ कुठून धरायचा, यावर निदान एक तास तरी नीट भांडण होईल.