लाकडी कोस्टरचे ऋण



‘रोलर कोस्टर म्हणजे पोलादच’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. खोपोलीच्या ‘इमॅजिका’ उद्यानातील ‘नायट्रो’ ही पोलादी कोस्टर बोलिजर अँड माबिलार या स्विस कंपनीने घडवली. तिच्या सफाईचे कौतुक रास्तच आहे. पण गाडी रूळ सोडत नाही ती रुळाखालून धावणाऱ्या चाकांमुळे. त्या चाकांचे पेटंट जॉन मिलर या अमेरिकनाने १९१९ मध्ये घेतले, तेही लाकडी कोस्टरसाठी!

डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ने १९५९ मध्ये पोलादी नळीचे रूळ आणले, तरी लाकूड संपले नाही. जॉन अ‍ॅलन यांनी १९७२ मध्ये ओहायोच्या किंग्ज आयलंडमध्ये ‘रेसर’ उभारली आणि लाकडी कोस्टरला पुन्हा मागणी आली. लाकडी सांगाडा गाडीखाली किंचित हलतो, कुरकुरतो. त्याला दोष म्हणू नये; तो रचनेचाच भाग आहे, आणि मला तरी खरा थरार तिथेच भेटतो.

पोलादात पहिला मान मी अभियंता वेर्नर स्टेंगेल यांना देईन. पूर्ण गोल लूपमध्ये शिरताना मानेवर जबर भार येई. श्वार्त्सकोफ यांनी बांधलेल्या १९७६ च्या ‘रेव्होल्यूशन’साठी स्टेंगेल यांनी वर निमुळता होणारा, थेंबासारखा लूप आखला. आजचे बहुतेक लूप त्याच घडणीचे आहेत.

– एक वाचक, पुणे