‘मॅम, काही केमिकल केलंय?’

सलॉनमध्ये शिकाऊ म्हणून लागून मला दुसराच महिना होता. पन्नाशीच्या एक काकू हायलाइट्स करायला आल्या. मी शिकवल्याप्रमाणे फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, ‘मॅम, याआधी काही केमिकल ट्रीटमेंट केलीय?’ त्या म्हणाल्या, ‘छे! मी केसांना केमिकल लावतच नाही.’ मी ‘नो’वर टिक केली आणि ब्लीच कालवायला घेतलं. तेवढ्यात आमची सीनियर ताई आली. काकूंची एक बट बोटांत धरून तिने निरखली आणि विचारलं, ‘काकू, घरी मेंदी लावता का? कुठली?’

‘हो, काळी मेंदी. दर महिन्याला. झाली की दहा वर्षं!’

ताईने माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

मेंदीच्या पानाचा रंग तांबूस असतो, काळा नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे हेअर डायमधलंच रसायन. काही पावडरींत धातूंचे क्षारही असतात. त्यावर पेरॉक्साइडवालं ब्लीच पडलं तर केस तापून तुटू शकतात. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. मीच त्यांना न कळणाऱ्या भाषेत विचारलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आम्हा शिकाऊ मुलामुलींना शब्द भरपूर शिकवतात. बालायाज, ओम्ब्रे, ग्लोबल, ग्रॅज्युएशन, फेड, टेक्श्चर. वह्या भरतात. उच्चार चुकला की वर्गात हशा पिकतो, त्यामुळे गावाकडून आलेली मुलं आधी उच्चार पक्के करतात. अर्थ विचारायची हिंमत नंतर होते, किंवा होतच नाही. खरं तर बालायाज हा फ्रेंचमधल्या झाडण्याच्या क्रियेवरून आलेला शब्द. ब्रश केसांवरून झाडू फिरवल्यासारखा हलका ओढायचा, एवढंच त्यात सांगितलंय. हे एकदा कळलं की हात आपोआप हलका पडतो.

काही शब्दांचा अर्थ न कळणं तर थेट गिऱ्हाइकाच्या टाळूवर येतं. डेव्हलपरच्या बाटलीवर २० व्हॉल्यूम, ४० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. नव्या पोराला वाटतं, चाळीस म्हणजे ‘फास्ट’, काम लवकर उरकेल. पण २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ४० म्हणजे १२ टक्के, सरळ दुप्पट. टाळूला लागेल असं वापरलं तर भाजतं. शेड कार्डाचंही तेच. दशांश चिन्हाच्या आधीचा आकडा रंग किती गडद ते सांगतो, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे एकदम फिका सोनेरी. नंतरचा आकडा झाक सांगतो आणि तो कंपनीगणिक बदलतो. आकडे पाठ करून उपयोग नाही, ती पद्धत समजावी लागते.

आणि ते लाडकं केरॅटिन! नाव ऐकून बायकांना वाटतं, केसांना खुराक मिळणार. केरॅटिन हे आपल्या केसांचंच प्रथिन. पण त्या नावाच्या ट्रीटमेंटमध्ये द्रावण लावून गरम इस्त्री फिरवतात, केसावर थर बसतो आणि काही महिन्यांत उतरतो. अनेक द्रावणांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो. तो गिऱ्हाईक वर्षातून एकदा घेतं, आम्ही रोज. रीबॉण्डिंगमध्ये तर केसाच्या आतले बंधच तोडून नव्याने जोडतात, म्हणून ते कायमचं. फक्त मुळाशी नवे केस पुन्हा जसे होते तसे येतात. एवढं चार वाक्यांत सांगता येत नसेल, तर आपण हजारो रुपये कशाचे घेतोय?

कुणी म्हणेल, मग काय सगळं मराठीत करायचं? नको रे बाबा! बाटल्या इंग्रजीत येतात, उद्या नोकरी दुबईत लागेल. हे शब्द यायलाच हवेत. पण आपल्याकडचे शब्द कमीपणाचे नाहीत, हेही कुणीतरी सांगा. भांग, भोवरा, बट, कल्ले, फाटे फुटलेले केस, हे शब्द अगदी नेमके आहेत. गल्लीतले सलूनवाले काका आधी भोवरा कुठल्या बाजूला फिरतो ते बघतात आणि मगच कात्री लावतात. आणि ज्या ‘शाम्पू’ने आमचा दिवस सुरू होतो, तो शब्द तरी कुठून गेला? आपल्या चांपण्यातून, चंपीतून. १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रायटनला जाऊन साहेबाची चंपी करणारे शेख दीन महंमद आपल्याच पाटण्याचे होते.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक शब्दाबरोबर तीन प्रश्न शिकवा: याने केसाचं काय होतं, किती दिवस टिकतं आणि काय बिघडू शकतं. परीक्षेत व्याख्या विचारू नका, समोर एका काकूंना बसवा आणि त्यांना समजेल असं बोलायला लावा. फॉर्म मराठीत छापा आणि त्यात ‘काळी मेंदी’ हा शब्द ठळक घाला. रंगाच्या ४८ तास आधी कानामागे थेंब लावून पाहायची पॅच टेस्ट ‘वेळ नाही’ म्हणून टाळू नका, आणि ती कशासाठी हेही गिऱ्हाइकाला सांगा.

आणि खुर्चीत बसणाऱ्यांनो, तुम्हीही लाजू नका. ‘म्हणजे नेमकं काय करणार गं?’ असं विचारा. आम्ही अडखळलो तर उठून जा, चालेल. त्या काकू त्या दिवशी हायलाइट्स न करता, फक्त केस कापून गेल्या. आमचं मोठं बिल बुडालं. पण पुढच्या महिन्यात त्या आल्या, येताना लेकीलाही घेऊन आल्या, आणि फॉर्म भरायला ताईला नाही, मला बोलावलं.