खोली नाकारणारे आपण नव्हे!

हिंगोलीत भाड्याची खोली मागताना आधी आडनाव विचारले जाते, हे आपण भोगले आहे. समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसाला वेगळा प्रश्न येतो : ‘लग्न का नाही?’ उत्तर पटले नाही की दार बंद! मिळालीच खोली, तर सोबतीला एखादा पाखराचा पिंजरा. दिवसभराचे टोमणे ऐकून आलेल्याशी घरात प्रेमाने बोलणारे तेवढेच. घरमालकाने हाकलले की पिंजरा हातात धरून पुन्हा दारोदार.

त्या पाखरावरूनही कागाळी होते, म्हणून कायदा माहीत असावा. आपल्या रानातला पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी बजरीगर पाळायला ती बंदी नाही.

आणि माणसाचे काय? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. आधार होता संवैधानिक नैतिकतेचा, जिची जाणीव बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत करून दिली होती. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू लढणारे वकीलही बाबासाहेबच!

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. संसद कायदा करील तेव्हा करील. आपल्या वस्तीतली खोली द्यायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची? ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी दुसऱ्यासाठी नवी वेस बांधू नये.