लेकराला भूल द्यावी की नाही?



हरभरा निघू लागला की खळ्यावर खेळणारे एखादे लेकरू दाणा नाकात घालते, तर एखादे हसता हसता तो श्वासनळीत ओढून घेते. मल्हारगंजातून त्याला एम. वाय. रुग्णालयात नेले, की डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच बाप हात जोडतो, ‘दुर्बिणीने बघा, पण भूल नको.’

ही भीती अगदीच पोकळ नाही. १८४८ साली इंग्लंडात पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर दगावली होती. पण आता क्लोरोफॉर्म राहिलेला नाही, आणि बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायू क्षणोक्षणी दाखवतो.

नाक किंवा घसा बारीक, वाकणाऱ्या दुर्बिणीने नुसता पाहायचा असेल, तर बहुधा भूल लागतही नाही. बधिर करणारे औषध नाकात फवारतात, लेकराला आईच्या मांडीवर धरतात, थोड्या वेळात काम होते. तिथे भूल नको म्हणणे योग्यच.

श्वासनळीतला दाणा काढणे मात्र वेगळे. १८९७ साली जर्मनीत किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतले हाड कोकेनने घसा बधिर करून, तो जागा असताना काढले. तो मोठा माणूस होता, सांगितलेले ऐकत होता. दोन वर्षांचे पोर धातूच्या नळीखाली स्थिर राहील काय? ‘मग थोडी गुंगी द्या,’ असे आपण सुचवतो, आणि माझ्या मते हीच खरी चूक. अर्धवट गुंगीत घसा चाळवला, की स्वरयंत्र घट्ट मिटून श्वास कोंडू शकतो. पूर्ण भूल वायूने द्यायची की शिरेतून, हे भूलतज्ज्ञांवर सोडावे. त्यांना आणि दुर्बिणीवाल्या डॉक्टरांना एकाच वाटेने काम करायचे असते.

‘भुलेने मेंदू मंद होतो’ असेही म्हणतात. तान्ह्या बाळांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तासाभराहून थोडी कमी भूल दिली, त्यांची पाचव्या वर्षी तपासणी झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बुद्धीत फरक आढळला नाही.

मला धास्ती वाटते ती आजीच्या मायेची. उपाशी लेकरू रडते म्हणून ती गुपचूप दूध-बिस्कीट देते. भुलेत ते उलटून फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते. जेवण आणि वरच्या दुधानंतर साधारण सहा तास, आईच्या दुधानंतर चार, नुसत्या पाण्यानंतर दोन तास थांबवतात. श्वास अडत असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, पण पोटात काय आहे ते त्यांना कळलेच पाहिजे. आजीलाही विचारून घ्या, आणि सर्दी-दमा असेल तर तोही लपवू नका.